कुंचा, वापरात नाही

अर्ज लिहिणं मला चांगलं जमतं असं आमच्या भागात सगळ्यांना वाटतं, आणि मलाही तसंच वाटायचं. राजुरीच्या अलीकडच्या एका गावात, माध्यमिक शाळेत मी चोवीस वर्षं मराठी शिकवतो आहे. या वर्षांत मुलांचे जेवढे निबंध तपासले तेवढेच लोकांचे अर्जही लिहिले असतील. विहिरीच्या वीजजोडणीचे, रेशनकार्डावरचं नाव दुरुस्त करण्याचे, बिबट्यानं शेळी नेली म्हणून भरपाईचे. गुरुजींच्या हातचा अर्ज परत येत नाही, असं लोक म्हणायचे. ते खरं नव्हतं, पुष्कळ परत यायचे. पण ऐकायला बरं वाटायचं, म्हणून मी ते कधी खोडून काढलं नाही.

संग्रहालयाची कल्पना माझी नाही. शाळेच्या एका प्रदर्शनासाठी आम्ही गावातून जुन्या वस्तू मागून आणल्या होत्या. मोट, पाभर, पायली-शेराची मापं, जाती, कंदील, बैलांच्या घुंगरमाळा. प्रदर्शन संपल्यावर निम्म्या लोकांनी त्या परत नेल्याच नाहीत. नव्या बंगल्यात मोट ठेवायची कुठं, असा त्यांचा प्रश्न होता. सामान चावडीच्या जुन्या खोलीत पडून राहिलं. मग गावातले एक मोठे द्राक्ष बागायतदार, जे पूर्वी सरपंचही होते, नारायणगावला कुणाकडून तरी ऐकून आले की स्थानिक संग्रहालयाची इमारत बांधायला सरकार अनुदान देतं. त्यांनी आठ दिवसांत समिती केली आणि स्वतः अध्यक्ष झाले. एका सकाळी ते माझ्या घरी आले आणि म्हणाले, "भाऊ, तुमी फक्त लिवा. बाकीचं आमी बघतो." मला त्यांनी सचिव केलं.

माझ्या बायकोनं त्यांना चहा दिला. ते गेल्यावर म्हणाली, "मुख्याध्यापक व्हायचं राहिलं ते आता इथं होऊन घ्या." चेष्टाच होती. पण मला लागली, कारण ती खरी होती.

पहिला प्रस्ताव मी दीड महिना खपून तयार केला. संस्थेची नोंदणी, जागेचा सातबारा, अभियंत्याकडून नकाशा, अंदाजपत्रक, ग्रामसभेचा ठराव आणि वस्तूंची यादी. सगळं सुबक बांधून पुण्याच्या कार्यालयात दिलं. तीन महिन्यांनी त्रुटीपत्र आलं. त्रुटी बऱ्याच होत्या, पण मुख्य दोन. यादीतल्या वस्तू संस्थेच्या मालकीच्या आहेत याचा पुरावा नाही, आणि संग्रहाचं वेगळेपण स्पष्ट होत नाही.

मी पुण्याला गेलो. तिथल्या बाई माझ्याच वयाच्या होत्या आणि माणूस म्हणून चांगल्या होत्या, हे मला मुद्दाम लिहायचं आहे. त्यांनी मला बसवून घेतलं, यादीवरून बोट फिरवलं आणि समजावून सांगितलं. प्रत्येक वस्तूला तिच्या मूळ मालकाचं दानपत्र जोडा. आणि लोक घरात रोज वापरतात त्या वस्तू यादीत घालू नका. उद्या त्यांनी परत मागितल्या तर इमारतीत ठेवणार काय? मग त्या म्हणाल्या, "मोट आणि जातं मला प्रत्येक तालुक्यातून येतं, सर. तुमच्याकडे असं काय आहे, जे दुसरीकडे नाही?"

परतीच्या एसटीत मी त्या प्रश्नाचाच विचार करत होतो. राजगुरुनगरच्या पुढे मला कुंचा आठवला.

आमच्या गावाच्या उगवतीला धनगरांची दहा-बारा घरं आहेत. बहुतेकांनी मेंढरं विकून शेती धरली. एका घरात मात्र चाळीसेक मेंढ्या अजून आहेत आणि खड्ड्याचा मागही आहे. त्या घरचे म्हातारे, त्यांना मी बाबा म्हणतो, तेव्हा सत्तरीच्या पुढे होते आणि वर्षाकाठी दोन-तीन घोंगड्या विणत होते. घोंगडीचा ताणा, म्हणजे उभे धागे, मागावर चढवण्याआधी त्याला चिंचोक्याची खळ पाजावी लागते, म्हणजे सूत ताठ होतं आणि विणताना तुटत नाही. उघड्यावर खुंट्या रोवून ताणा ताणतात आणि ऊन चढायच्या आत त्यावर एका मोठ्या कुंच्यानं खळ फिरवतात. हा कुंचा बाजारात मिळत नाही. राठ मुळ्यांची जाड जुडी लाकडी मुठीत बांधलेली असते, घोड्याच्या आयाळीसारखी दिसते. तो बांधणारे लोक पूर्वी हिंडत यायचे, आता कुणी येत नाही. बाबांचा कुंचा त्यांच्या आज्याचा होता. दुसरा नव्हता.

मी गेलो तेव्हा ते खळच पाजत होते. एका टोकाला त्यांची सून, दुसऱ्या टोकाला ते, आणि मध्ये काळ्या सुताचा लांब पट्टा. माझ्याशी बोलायला त्यांनी हात थांबवला नाही. खळ वाळली तर काम वाया जातं, हे मला माहीत होतं. मी बांधावर बसून राहिलो. अर्ध्या-पाऊण तासानं ते आले, हात पुसले आणि म्हणाले, "बोला गुरुजी. आज कंचं परदर्शन?"

त्यांनी असं विचारण्याला कारण होतं. शाळेच्या प्रदर्शनासाठी मी त्यांच्याकडून तो कुंचा आधी दोनदा नेला होता आणि दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी आणून दिला होता. आमच्याकडे शाळेला वस्तू देणं म्हणजे देवळातल्या कार्यक्रमाला सतरंजी देण्यासारखं असतं. कुणी नाही म्हणत नाही, आणि वस्तू हरवतही नाही. बाबांच्या मनात हे त्यातलंच होतं. मी त्यांना सांगितलं की या वेळी जरा जास्त दिवस लागतील, सरकारी माणसं बघायला येतील, आपल्या गावात संग्रहालय होईल. ते ऐकून घेत होते. मग म्हणाले की नातीचं लग्न ठरतंय, वैशाखात होईल. त्यांच्या घरात नवरा-नवरीला बसायला घरच्या मागावरची कोरी घोंगडी अंथरतात. मुलाच्या लग्नात त्यांनी विणली होती, नातीसाठी ही शेवटची विणायची, मग माग बंद. "दिवाळीनंतर लोकर कातरू. सून सूत काढंल. माघात ताणा लावीन. तवर न्या."

"माघाच्या आधी आणून देतो," मी म्हणालो.

हे मी मनापासून म्हणालो होतो. पण म्हणताना दानपत्राचा कागद माझ्या पिशवीत होता.

कागद मी वाचून दाखवला, म्हणजे वरच्या दोन ओळी वाचल्या. मी अमुक अमुक, खालील वस्तू संग्रहालयाच्या कामासाठी संस्थेस देत आहे. खाली आणखी चार ओळी होत्या. वस्तू कायमस्वरूपी संस्थेच्या मालकीची राहील आणि मी वा माझे वारस तिच्यावर कोणताही हक्क सांगणार नाही, असं त्यात होतं. त्या मी वाचल्या नाहीत. बाबांना सहीपुरतं लिहिता येतं, वाचता येत नाही. मी बोट ठेवलं तिथं त्यांनी सही केली. का वाचल्या नाहीत, याचा मी दोन वर्षं विचार करतो आहे. ही नुसती कागदाची भाषा आहे, म्हाताऱ्या माणसाला उगाच घोर लागेल, असं तेव्हा मी स्वतःला सांगितलं. शिवाय मंजुरी आली की यादीत बदल करून घेऊ, असंही कुठंतरी मनात होतं. पण खरं एवढंच आहे, की त्या ओळी वाचल्या असत्या तर त्यांनी सही केली नसती, आणि ते मला माहीत होतं.

सुनेनं कुंचा धुऊन, करडईच्या तेलाचा हात फिरवून, वर्तमानपत्रात गुंडाळून दिला. बाबा मोटरसायकलपर्यंत आले. "म्हैन्यातनं एकदा तेल लावा, गुरुजी. न्हाई तर मुळ्या कडक व्हत्यात," म्हणाले. मी हो म्हटलं.

त्याच दिवशी दुपारी मी यादी पूर्ण केली. अनुक्रमांक एकोणसाठ. वस्तूचे नाव, घोंगडी विणकामातील कुंचा. मालकी, संस्था. शेवटचा रकाना होता सद्यस्थिती, आणि त्यात दोनच पर्याय होते, वापरात आहे किंवा वापरात नाही. कुंचा टेबलावर होता. तेल वर्तमानपत्रातून झिरपून माझ्या कच्च्या कागदाला लागलं होतं. मी लिहिलं, वापरात नाही. मग वेगळेपणाच्या परिच्छेदात हात सैल सोडला. या परिसरातील घोंगडीविणकाम आज पूर्णतः लोपले असून हा कुंचा त्या परंपरेचा अखेरचा मूक साक्षीदार आहे, असं वाक्य लिहिलं. लिहून झाल्यावर दोनदा वाचलं. मला ते आवडलं. त्या दिवशी मला एवढंच कळलं होतं की वाक्य चांगलं झालं आहे.

प्रस्ताव मंजूर झाला. पुण्याच्या बाईंनी फोनवर मुद्दाम सांगितलं की तुमचा तो घोंगडीचा परिच्छेद समितीत वाचून दाखवला. अध्यक्षांनी शाळेत येऊन सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली. एका शिक्षकानं चहाच्या वेळी विचारलं, कुंचा म्हणजे काय राव, दाढीचा ब्रश का? सगळे हसले. मीही हसलो.

भूमिपूजनाला पाहुण्यांना घोंगडी आणि काठी द्यायची असं ठरलं. घोंगडी नारायणगावहून आणली. बाबांना मी आग्रहानं बोलावून पुढच्या रांगेत बसवलं होतं. कार्यक्रम संपल्यावर त्यांनी पाहुण्यांच्या खुर्चीवरची ती घोंगडी दोन बोटांत धरून बघितली आणि शेजारच्याला म्हणाले, मिलचं हाय. मग मला विचारलं की कुंचा कुठं ठेवलाय. चावडीच्या खोलीत लोखंडी कपाटात, मी सांगितलं. त्यांना बरं वाटलं.

तेल मी एकदाही लावलं नाही. कपाटाची किल्ली अध्यक्षांकडे असायची, हे कारण सांगता येईल. पण मी ती कधी मागितलीही नाही. मी विसरलो होतो.

दिवाळीच्या आधी पडताळणी झाली. कार्यालयाचा माणूस आला. प्रत्येक वस्तूवर पांढऱ्या रंगानं क्रमांक टाकून घेतला आणि खोलीत ठेवून फोटो काढले. जाताना लेखी देऊन गेला की इमारत पूर्ण होऊन अंतिम पडताळणी होईपर्यंत यादीतली कोणतीही वस्तू हलवू नये. अनुदानाचा दुसरा हप्ता त्यावर अवलंबून होता. इमारतीचा पाया झाला होता आणि खांब वर आले होते.

माघ लागला आणि बाबा शाळेच्या फाटकाशी आले. त्या वेळी मी नववीच्या वर्गावर होतो. शिपायानं येऊन सांगितलं. मी तास संपेपर्यंत त्यांना थांबवून ठेवलं आणि मग जाऊन म्हणालो, "बाबा, सरकारचा नियम आहे. आता वस्तू हलवता येत नाही. थोडं थांबा."

"किती?"

"बघतो मी."

पंधरा दिवसांनी ते पुन्हा आले. सूत तयार होतं. सुनेनं थंडीभर कातलं होतं, ते त्यांनी तक्रारीच्या सुरात नाही, नुसतं माहिती म्हणून सांगितलं. मी पुन्हा नियमाचं सांगितलं. तिसऱ्या वेळी आले तेव्हा ते वाटेत विचार करून आले होते. म्हणाले, "कुंचा भाईर न्यायचा न्हाई ना? मग मी चावडीम्होरंच ताणा लावतो. तुमी हुबं ऱ्हावा. काम झालं की लगीच कपाटात."

यात नाही म्हणण्यासारखं काही नव्हतं. मी त्याच संध्याकाळी अध्यक्षांच्या बागेत गेलो. छाटणी-बांधणीची माणसं गेली होती आणि ते एकटेच ठिबकच्या नळ्या बघत फिरत होते. मी सांगितलं ते त्यांनी शांतपणे ऐकलं. ते वाईट माणूस नाहीत. बाबांच्या मुलाला त्यांनी एकदा दवाखान्यात नेलं होतं, रात्रभर बसले होते. पण ते म्हणाले, "तुमी लिवलंय ना, वापरात न्हाई म्हणून? विणकाम लोपलं म्हणून? आन् चावडीम्होरं म्हातारा तोच कुंचा घिऊन खळ लावतोय. कुणी फोटू टाकला ग्रुपवर तर? आन् बाहेरचा नाय टाकणार, आपलाच कुणीतरी टाकंल." मग त्यांनी आणखी एक वाक्य टाकलं. "त्ये तुमी लिवलं गुरुजी. मी न्हाई."

म्हणजे अडचण नियमाची नव्हती. नियमात कुंचा हलवू नये एवढंच होतं, आणि बाबा तो हलवणार नव्हते. अडचण माझ्या वाक्याची होती. पुण्याच्या बाईंना फोन करून, माझ्याकडून चुकीची नोंद झाली आहे, तो कुंचा वापरात आहे, एवढं सांगितलं असतं तर काय झालं असतं? कदाचित त्यांनी यादी दुरुस्त करून मागितली असती. कदाचित वेगळेपणाचा मुद्दा गेला असता आणि दुसरा हप्ता अडला असता. मला माहीत नाही, कारण मी फोन केला नाही. दुसऱ्या दिवशी मी धनगरवस्तीवर गेलो आणि बाबांना सांगितलं की मी विचारून बघितलं, सरकार नाही म्हणतं.

ते म्हणाले, "सरकार म्हंजी लई मोठं. त्याला कसं समजावं म्हातारीचं सूत." त्यांची बायको काही वर्षांपूर्वी वारली होती. तिनं शेवटच्या वर्षी कातलेलं थोडं सूत त्यांनी नातीच्या घोंगडीच्या किनारीसाठी राखून ठेवलं होतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

फाल्गुन गेला. चैत्राच्या पहिल्या आठवड्यात मला सहन होईना. कपाट पुसायचं आहे असं सांगून मी अध्यक्षांच्या घरून किल्ली आणली, कुंचा पिशवीत घातला आणि रविवारी सकाळी वस्तीवर गेलो. कुणाला विचारलं नाही, कुणी अडवलंही नाही. इतकं सोपं होतं. हे मला माघातही करता आलं असतं.

त्यांनी मला बघितलं, पिशवी बघितली, आणि एकही प्रश्न न विचारता सुनेला खळ शिजवायला सांगितली. खुंट्या रोवलेल्याच होत्या. ऊन चढत होतं, म्हणून घाई होती. कुंचा हातात घेऊन त्यांनी मुळ्यांवरून अंगठा फिरवला आणि माझ्याकडे पाहिलं. मग कोमट पाण्यात थोडा वेळ बुडवून ठेवला. बायकोच्या सुताचे धागे ताण्याच्या दोन्ही कडांना होते, जरा करडे.

पहिला हात नीट गेला. दुसऱ्या हाताला मुळ्या मोडायला लागल्या. आधी दोन-चार, मग एकदम मूठभर. काळ्या सुतावर खळीत रुतलेले ते तुकडे दिसत होते. बाबा थांबले नाहीत, कारण लावलेली खळ वाळत होती. त्यांनी आणखी दोनदा प्रयत्न केला आणि मग कुंचा बाजूला ठेवून सुनेला फडकं आणायला सांगितलं. दोघांनी फडक्यानं खळ सारवली. मी पलीकडून धागे सुटे करायला हात लावला, तर सून म्हणाली, "तुमी नका, गुरुजी." रागानं नाही म्हणाली. मला ते येत नव्हतं म्हणून म्हणाली. फडक्यानं खळ कुठं जाड बसली, कुठं बसलीच नाही. धागे एकमेकांना चिकटले. बाबा त्यातून मुळ्यांचे तुकडे एकेक वेचत राहिले. पुढं तो ताणा त्यांनी मागावर चढवून बघितला, हातभरही विणून झालं नाही तोच धागे तुटायला लागले, असं मला नंतर सुनेकडून कळलं.

त्या सकाळी निघताना त्यांनी कुंचा माझ्या हातात दिला. मुठीवर पांढऱ्या रंगातला एकोणसाठ तसाच होता. "न्या," ते म्हणाले. "यादीत कमी पडाया नको."

टोमणा होता की काळजी होती, ते मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. मी कुंचा नेऊन कपाटात ठेवला.

वैशाखात लग्न झालं. नवरदेव आंबेगाव तालुक्यातल्या लोणीचा, चांगल्या घरचा मुलगा. नात माझ्याच हाताखाली दहावी झालेली, तिनं स्वतः येऊन मला पत्रिका दिली होती. मांडवात घोंगडी अंथरली होती, नारायणगावहून आणलेली. वरपक्षाकडच्या एका पाहुण्यानं कौतुकानं विचारलं की ही घरच्या मागावरची का. बाबा म्हणाले, "न्हाई पावणं, इकतची हाय." पाहुणा हसत म्हणाला, विणकराच्या घरी विकतची घोंगडी, म्हणजे कुंभाराच्या घरी फुटकं गाडगं. आजूबाजूचे हसले. बाबाही त्यांच्यात हसले. मी चार हातांवर पंगतीत बसलो होतो. कुणी माझ्याकडे बघितलं नाही, कारण यात माझा काही संबंध आहे हे कुणालाच माहीत नव्हतं. पानात बुंदी होती. मी ती संपवली.

बाबांना अजून वाटत होतं की सरकारनं अडवलं. हे मला त्या मोडलेल्या मुळ्यांपेक्षाही जास्त टोचत राहिलं. आषाढात एका दुपारी मी वस्तीवर गेलो. पाऊस उघडला होता, ते गोठ्याच्या तोंडाशी मेंढीच्या खुरातली घाण काढत बसले होते. मी उभ्यानंच सांगायला सुरुवात केली. सरकारनं नाही म्हटलं नव्हतं, मी विचारलंच नव्हतं. वापरात नाही हे मी लिहिलं होतं, तुम्ही खळ लावताना बघून आलो त्याच दिवशी लिहिलं होतं. कागदाच्या खालच्या ओळी मी वाचल्या नव्हत्या. सगळं सांगितलं. सांगताना माझा आवाज वर्गातल्यासारखा स्पष्ट येत होता, त्याची मला लाज वाटली.

त्यांनी मेंढीचा पाय सोडला. म्हणाले, "सरकार कुठं हाय हितं, गुरुजी? मला तर तुमीच दिसत व्हता."

म्हणजे त्यांनी सरकारला आणि मला कधी वेगळं मोजलंच नव्हतं. मी ज्याच्या आड उभा होतो ते त्यांना दिसतच नव्हतं.

मी पिशवीतून दुरुस्तीचं पत्र काढलं. यादीतली नोंद बदलायची तर माझं एकट्याचं पत्र पुरत नाही, देणाऱ्याचीही सही लागते. या वेळी पूर्ण वाचतो म्हणालो. ते ऐकू लागले आणि सूनही दारात येऊन उभी राहिली. सदर वस्तू, असं वाचलं तिथं त्यांनी थांबवलं. कुंचा म्हणा, म्हणाले. मी पेननं बदललं. सदर वस्तू देतेवेळी ती माझ्या नियमित वापरात होती, यातही कुंचा म्हणून घेतलं. मी चुकून नव्हे तर जाणूनबुजून चुकीची नोंद केली, हे माझ्या नावानं होतं, ते त्यांनी दोनदा वाचून घेतलं. शेवटपर्यंत झाल्यावर मी पेन पुढं केलं.

त्यांनी पेन घेतलं नाही, कागद घेतला. घडी घालून बंडीच्या खिशात ठेवला. "नात येनार हाय पंचमीला. ती वाचंल. मंग बघू."

मी वाचलेलं त्यांना पुरेसं नव्हतं, आणि ते बरोबर होतं.

नागपंचमीनंतर दोन दिवसांनी नात शाळेत आली. मधली सुट्टी होती. कागद तिच्या पर्समध्ये होता. ती म्हणाली, "सर, मी आजोबांना तीनदा वाचून दाखवलं. सगळं बरोबर आहे म्हणतात. फक्त एवढी ओळ काढा, मग सही करतो, असा निरोप आहे."

शेवटच्या ओळीवर तिनं पेन्सिलीनं रेघ ओढली होती. ती ओळ मी तिथं लिहिली आहे हे मला आठवतही नव्हतं. चोवीस वर्षं प्रत्येक अर्जाच्या, प्रत्येक जबाबाच्या शेवटी ती लिहिली आहे, हात आपोआप लिहितो. बाबांसमोर मोठ्यानं वाचतानाही ती मला ऐकू आली नव्हती. बाबांच्या नावानं ती ओळ होती, याबाबत माझी कोणाविरुद्ध काहीही तक्रार नाही.

नात उभी होती. मी तिला बसही म्हणालो नाही. ती गेल्यावर मी शिक्षकांच्या खोलीत बसून पत्र नव्यानं लिहून काढलं आणि ती ओळ गाळली. दुसऱ्या दिवशी बाबांनी सही केली, सावकाश, दोन्ही बाजूंनी कागद बघून. पत्र मी राजुरीच्या पोस्टातून रजिस्टर केलं आणि एक प्रत अध्यक्षांच्या घरी दिली. ते म्हणाले, "हप्ता अडला तर स्लॅब तुमी टाकनार का?" त्यानंतर त्यांनी मला बैठकीला बोलावलेलं नाही.

कार्यालयाचं उत्तर अजून यायचं आहे. खांब उभे आहेत, वरच्या सळ्या गंजायला लागल्या आहेत. शाळेला जाताना मला तो रस्ता टाळता येत नाही.